इजाबायचा गोठा आणि डोळ्यांची आखणी

इजाबाय,

तुला शेवटचं भेटले तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले. तशी पंधरा वर्षांत बारीकसारीक खोटी बरीच झाली. तुझ्या हातचा पहिला दोदोल, नारळाच्या रसातला, खाली लागला होता आणि मी तो वाहवा करत संपवला होता, हे तुला कधी कळू दिलं नाही. असली खोटी पचून जातात. शेवटचं मात्र पचत नाही. तू अंथरुणावरून विचारलंस, "यंदा गणपतीचे डोळे कुणी आखले गो?" आणि मी म्हटलं, "ह्यांनीच. दुसरं कोण आखणार?" तू माझ्याकडे बघत राहिलीस, मग "बरं" म्हणून कूस बदललीस.

मी मनात म्हटलं होतं, नाताळला खरं काय ते सांगू. तोवर ही उठून बसेल, कुलकुल वळायला बायका जमतील, तेव्हा हसत हसत सांगून टाकू. नाताळ वेळेवर येतो आहे. तूच थांबली नाहीस.

तुझ्या मातीला मी आले होते. फादरांनी तुला शांत, सोशिक स्वभावाची म्हटलं, तेव्हा तुझ्या लेकीकडे, फिलूकडे बघायची माझी छाती झाली नाही. तिलाही हसू आलं असतं आणि मलाही, आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी तर आधीच चाललं होतं. मग मूठमातीची पाळी आली. मी वाकून माती उचलली आणि माझी बोटं तिच्यातले खडे निवडायला लागली. जन्मभराची सवय, काय करणार. मागे माणसं खोळंबली होती, पण बारीक झालेली, निवडलेली माती हातात आल्याशिवाय मला ती तुझ्या अंगावर टाकवेना. शेवटी फिलूनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मावशी, पुरे."

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या साली मी रेवदंड्याला गणपतीच्या कारखान्यात सून म्हणून आले. तू खाडीपलीकडून, कोर्लईहून, तरीच्या होडीनं यायचीस. काखेत कापडाची वळकटी आणि तिच्यात क्रोशाच्या लेसा, ताटांवर झाकायचे रुमाल, पोरींच्या झग्यांच्या कॉलरी. घासाघीस करणाऱ्या बाईला तू उलट उत्तर द्यायची नाहीस. क्रोशाची सुई तेवढी जोरात चालवायचीस, आणि ती बाई आपोआप गप्प व्हायची. मला तेव्हाच तू आवडलीस. मला असं गप्प करता येत नाही कोणाला, मी आपली तोंडानंच भांडते.

आमच्या घरात बायकांनी शाडू भिजवायचा, खडे निवडायचे, मळायचा, वाळलेल्या मूर्तीवरून ओला फडका फिरवायचा. पितांबर, शेला, उंदीर रंगवायलाही परवानगी होती. आखणी मात्र पुरुषांची. डोळ्यांची रेघ माझे सासरे तात्या ओढायचे, आणि त्यांच्यामागून हे. आखणी होईपर्यंत मूर्ती म्हणजे माती, आखणी झाली की देव. तो देव बाईच्या हातून व्हायचा नाही, हे आमच्याकडे ठरलेलं. कोणी ठरवलं असं विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. दिवाळी सरली होती आणि तू ओसरीवर येऊन बसलीस, पण वळकटी सोडली नाहीस. म्हणालीस, "तात्या, नाताळाला आमच्यात येशूच्या जन्माचा गोठा मांडतात. माझ्या आजेसासूच्या वेळची लाकडाची बाहुली होती, ती वाळवीनं खाल्ली. जोसेफ गेला, मारिया गेली, बाळ तर भुस्सा झालंय. तुमी करून द्याल काय?"

तात्या म्हणाले, "आम्ही गणपती करतो. फार तर गौरीचे मुखवटे. परक्या देवाचं आम्हाला काय कळणार?"

मी खांबाआडून म्हटलं, "मी करून बघू?"

माझी मलाच भीती वाटली. तात्यांनी कुंचला धुता धुता थोडा विचार केला आणि म्हणाले, "कर. ते काही आपल्यातलं नाही. आखणीही तूच कर." आपल्यातलं नाही म्हणून माझ्या हातात कुंचला आला, इजाबाय. तुझ्या देवानं मला आत घेतलं, आणि माझ्या देवाच्या खोलीचं दार तेव्हा बंद होतं. हे तुला मी कधी असं सरळ शब्दांत सांगितलं नाही. आज सांगते.

पहिला गोठा घेऊन मी कोर्लईला आले. तुझ्या पडवीत बायका कुलकुल वळत बसल्या होत्या. कोऱ्या फणीवर पिठाची गोळी दाबायची आणि अंगठ्यानं गुंडाळत न्यायची, म्हणजे शिंपल्यासारखा आकार येतो. मी टोपलीतलं गवत बाजूला करून एकेक बाहुली काढून ठेवली. सगळ्या जणी बघत राहिल्या. मग तू तोंडावर पदर धरलास आणि तुझे खांदे हलायला लागले.

"ह्यो जोसेफ मोदक मागतोय काय गो?"

मी नीट बघितलं आणि माझा चेहरा पडला. मला डोळे एकच येत होते, तात्यांचे बघून पाठ झालेले. लांब, अर्धे मिटलेले, तृप्त. तेच मी जोसेफला दिले होते, तेच मारियाला, तेच गाईला, तेच मेंढरांना. बाळ तर असं बघत होतं की नमस्कार करून आशीर्वाद मागावा.

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, छान झालंय, राहू दे. तू माझा हात धरून शेजारच्या घरात घेऊन गेलीस. तिथे चार दिवसांची बाळंतीण होती. तिच्या पोराला तू माझ्या मांडीवर ठेवलंस आणि म्हणालीस, "बघ. ह्याचं कुठंच ध्यान न्हाय. शहाणपण यायचंय अजून." मी किती वेळ बघत बसले मला आठवत नाही. ते पोर माझ्याकडे बघत होतं आणि बघतही नव्हतं. परत पडवीत येऊन मी बाळाचे डोळे पुसून नव्यानं आखले. बायकांनी कुलकुल वळायचे थांबवले होते. बाळ उचललंस आणि आत गोठ्यात नेऊन ठेवलंस. त्या दिवसापासून मी डोळे पाठ म्हटल्यासारखे काढायचे सोडले आणि आधी माणसं बघायला लागले.

पुढच्या वर्षी पाऊस संपल्यावर तू पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आमच्या दारात हजर. पेटी आदळून उघडलीस. आत जोसेफच्या नाकाचा पोपडा गेलेला, मारियाचा चेहरा भेगाळलेला, बाळाचा हात निखळून कोपऱ्यात पडलेला. चार महिन्यांच्या दमट हवेत कच्च्या शाडूचं दुसरं काय होणार?

"असलं कसलं काम केलंस?" तू म्हणालीस.

मला खरंच कळेना. मी विचारलं, "म्हणजे तू विसर्जन केलं नाहीस?"

"कुणाचं?"

"यांचं. नाताळ झाल्यावर."

तू कमरेवर हात ठेवलेस. "येशूला खाडीत बुडवू मी? माझ्या हातानं?"

"आम्ही बुडवतोच की."

"तुमचा दर वर्षाला परत येतो. आमचा एकदाच आलाय, त्याला जपायला लागतं."

तात्या बायकांच्या बोलण्यात कधी हसायचे नाहीत. त्या दिवशी रंग ढवळता ढवळता त्यांना ठसका लागला.

चूक माझीच होती. आमच्या घरात जे घडतं ते बुडवण्यासाठीच घडतं. टिकवायची मूर्ती ही गोष्ट माझ्या डोक्यातच नव्हती, आणि बुडवायची मूर्ती तुझ्या डोक्यात नव्हती. पुढे आपण चौलच्या कुंभाराच्या भट्टीतही एक गोठा भाजून बघितला. फक्त गाय शाबूत निघाली, बाकी सगळ्यांचे तुकडे. तू म्हणालीस, गाईला तुमच्या देवानं राखली. मग ठरलं, की मी दर साली नवीन करायचं. वाद मात्र मिटला नाही. तुझं म्हणणं, आजेसासूनं ज्या बाळाचं तोंड बघितलं त्याचंच मी बघितलं, आणि त्याचंच फिलूच्या पोरांनी बघावं. माझं म्हणणं, आमचा दर वर्षी नवा येतो आणि तरी तोच असतो. तू जुनी फुटकी बाहुली कधी टाकली नाहीस, पेटी भरली तर दुसरी पेटी आणलीस. मी तुला चिडवायची, की तुझ्या माळ्यावर जोसेफांची पंगत बसली आहे.

तुला माती दिली त्या संध्याकाळी तरीत बसले असताना माझ्या मनात आलं, की शेवटी खरं माझंच झालं. जे घडतं ते मातीला जातं. आणि इतकं वाईट वाटलं मला. हा वाद मला जिंकायचाच नव्हता ग. तू समोर कमरेवर हात ठेवून उभी राहावीस एवढ्यासाठी तर मी तो चालवत होते.

आणखी एक गोष्ट तुझ्यामाझ्यातच राहिली. एका श्रावणात तू लेस दाखवत असताना तिचं एक टोक मूर्तीच्या ओल्या शेल्यावर पडलं आणि मी ते उचललं तर खाली तुझी नक्षी जशीच्या तशी उमटलेली. पानं, जाळी, कड, सगळं. मग मी ते मुद्दाम करायला लागले. तात्यांना वाटलं मी कोरणीनं नक्षी काढते, आणि त्यांनी पहिल्यांदा माझं कौतुक केलं. रेवदंड्यापासून नागावपर्यंत लोकांनी तुझी लेस ल्यालेले गणपती डोक्यावर नेले आणि कोणाला पत्ता नव्हता. तू येऊन मूर्तींच्या रांगेपुढे उभी राहायचीस, एकेक शेला निरखायचीस आणि म्हणायचीस, "ह्या कडेला माझा एक टाका चुकलेला. तो पण आलाय बघ."

त्यातूनच ते भांडण झालं. तात्या जाऊन वर्ष झालं होतं. हे आखणीला बसले होते, तू लेस द्यायला आली होतीस. थोडा वेळ बघितलंस आणि सरळ ह्यांना विचारलंस, "भाऊ, माझी लेस तुमच्या देवाच्या अंगावर चालते. मग हिची आखणी का चालत न्हाय? तुमच्यापेक्षा बरे डोळे काढते ती."

ह्यांचा कुंचला थांबला. मला त्या क्षणी तुझा अभिमान वाटायला हवा होता. मला लाज वाटली, आणि लाजेचा राग मी तुझ्यावर काढला. म्हटलं, "आमच्या घरातलं आम्ही बघू. तू तुझी लेस विण."

तू उठून गेलीस. त्या नाताळला मी गोठा तरीवाल्या धर्माच्या हाती पाठवला, स्वतः आले नाही. जानेवारीत तू दारात उभी. "टोपली परत द्यायला आले," म्हणालीस. टोपलीत तळाशी कुलकुलांचा डबा होता. मी चहा टाकला. झाल्या प्रकाराबद्दल तू बोलली नाहीस, मीही नाही. मी माफी मागायला हवी होती. चहात साखर जास्त घातली, तीच माझी माफी. तुला कळली असेल असं मी धरून चालले.

आणि आता यंदाचं सांगते. ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. दोन वर्षं रेटून नेलं. यंदा पहिल्याच मूर्तीला रेघ पापणीवरून निसटून गालावर आली. ह्यांनी ती पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा गालावर. मग उठून दाराला कडी घातली, कुंचला माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "तू कर. पण बाहेर बोलू नकोस. गिऱ्हाईक दुसऱ्या कारखान्यात जाईल." माझा संसार त्या कारखान्यावर चालतो. मी मान हलवली.

पहिले दोन-तीन डोळे तात्यांसारखे आले. नंतर हात सैल झाला. मला बाळंतिणीचं ते पोर आठवलं, त्याच्याकडे बघणाऱ्या बायका आठवल्या. आखणी संपवून रांगेपुढे उभी राहिले तर सगळे माझ्याकडे बघत होते. खरंच बघत होते, इजाबाय. तेव्हा असं वाटलं की उठावं, खाडीवरची तर गाठावी आणि तुझ्या पडवीत जाऊन सांगावं. गेले नाही. गिऱ्हाईकं यायची होती.

मग तू आजारी पडलीस, आणि मी ह्यांच्याबरोबर तुला बघायला आले. हे दाराशी स्टुलावर बसले होते. तू विचारलंस आणि मी खोटं बोलले. मला वाटलं मी ह्यांच्यासाठी बोलले. इतके दिवस स्वतःला तेच सांगत होते. खरं असं आहे, की तुझं बरोबर होतं हे तुझ्या तोंडावर कबूल करायला मी तयार नव्हते. भांडणात मी कधीच लवकर खाली येत नाही, तुला ठाऊक आहे. मला वाटलं, वेळ आहे.

गेल्या आठवड्यात फिलू आली. म्हणाली, "मावशी, आईला जाऊन महिना झाला न्हाय. घरात गोडधोड न्हाय करणार, पण गोठा मांडणार. फादर म्हणाले मांडा. तुमी द्याल ना करून?" मी शाडू आधीच भिजवून ठेवला होता, हे तिला सांगितलं नाही. यंदाची मारिया थोडी तुझ्यासारखी झाली आहे. मुद्दाम नाही केली. हनुवटी वर उचललेली, आता काही तरी बोलेल अशी. फिलूला सांगून ठेवलं आहे, नाताळ झाला की ही पण पेटीत ठेव. तुझं पटलं म्हणून नाही. आपला वाद पुढे चालू राहावा म्हणून.

काल दुपारी मी आणि हे टोपली घेऊन तरीत बसलो. धर्मा वल्ही मारत होता. त्याच्या घरचा गणपती आमच्याकडचा असतो, पिढ्यांचा. अर्ध्या खाडीत तो ह्यांना म्हणाला, "भाऊ, यंदा आखणी लई झ्याक झाली. आमची म्हातारी आरतीला उभी ऱ्हायली आन म्हनाली, देव पयल्यांदा माज्याकडं बघतोय."

हे पाण्याकडे बघत राहिले. मी टोपलीचा काठ धरून बसले होते. मला तुझं "बरं" आठवलं, आणि तू फिरवलेली पाठ. सांगू का, असं ह्यांना विचारायलाही मी थांबले नाही.

मी म्हटलं, "ती आखणी मी केली, धर्मा. सगळ्यांची."

वल्हं थांबलं. होडी आपली आपण थोडी वाहत गेली. मी ह्यांच्याकडे बघायला धजले नाही. मग हे म्हणाले, "हिनंच केली. मला दिसत नाही आता." आणि त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. इतके महिने आवळून धरलेलं काही तरी सुटल्यासारखे सैल बसले.

धर्मा पलीकडच्या काठापर्यंत नुसता वल्ही मारत राहिला. एक गिऱ्हाईक तर गेलंच, असं मी धरलं. तर त्यानं होडी चिखलात रुतवून मला हात दिला, टोपली उतरवली आणि म्हणाला, "वयनी, पुढल्या साली आमचा पाट मी तुमच्याच म्होरं आणून ठेवीन. आखणी दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका." मग थोडं घुटमळून म्हणाला, "इजाबायला ठावं व्हतं काय?"

"नाही. तिनं विचारलं होतं. मी खोटं सांगितलं."

"मंग आधी तिच्याकडं जावा," धर्मा म्हणाला. "गोठा काय, थांबंल घडीभर."

हे टोपली घेऊन फिलूच्या घराकडे वळले. मी किल्ल्याच्या पायथ्याशी, तुझ्याकडे आले. माती अजून बसलेली नाही. कोणी तरी झेंडू ठेवून गेलं होतं. मी खाली बसले आणि इकडेतिकडे न बघता मोठ्यानं सांगितलं, आणि आज पुन्हा इथे लिहून ठेवते, म्हणजे मला ते मागे घेता येणार नाही.

यंदा गणपतीचे डोळे मी आखले, इजाबाय. आणि त्या भांडणाच्या दिवशी तू ह्यांना म्हणालीस ते बरोबर होतं.